घरच्या कॉम्प्युटरसाठी डीव्हीडी रायटर निवडताना

खोक्यावर '२४ एक्स' ('एक्स' म्हणजे लिहिण्याच्या वेगाचं माप) लिहिलेला रायटर '८ एक्स'वाल्यापेक्षा भारी, असं धरून बहुतेक जण खरेदी करतात. खरं तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तीन गोष्टी ठरवायच्या: रायटर कशासाठी हवाय, तो तुमच्या कॉम्प्युटरला कुठे जोडला जाणार, आणि त्याला वीज कुठून मिळणार. या तीन प्रश्नांची उत्तरं नीट असतील तर आज बाजारात उरलेल्या मोजक्या नावाजलेल्या मॉडेल्सपैकी कुठलंही घ्या, पस्तावायची वेळ येत नाही. उत्तरं चुकली तर महागातला ड्राइव्हही कपाटात पडून राहतो.

कशासाठी हवाय?

आज घरात रायटर लागतो तो लिहिण्यापेक्षा वाचण्यासाठी जास्त. लग्न-मुंजीच्या डीव्हीडी, त्याआधीच्या व्हीसीडी, फोटो स्टुडिओने दिलेल्या सीडी, हॉस्पिटलातून एमआरआय किंवा सीटी स्कॅनबरोबर मिळालेली सीडी, हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं असतं. त्यासाठी फक्त वाचणारा ड्राइव्ह शोधत बसू नका. नवा मिळणं अवघड, आणि मिळाला तरी पैशांत फार फरक पडत नाही. रायटरच घ्या.

लिहायचं असेल तर किती लिहायचं ते बघा. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात असं छापलेलं असतं. विंडोज मात्र तीच जागा ४.३८ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या. दोन थरांच्या म्हणजे डीएल डिस्कवर ८.५ जीबी, विंडोजच्या भाषेत ७.९६. आजचा जवळपास प्रत्येक रायटर डीएल लिहू शकतो, पण कोऱ्या डीएल डिस्क महाग, दुकानात क्वचित मिळणाऱ्या आणि बिघडण्याचं प्रमाणही जास्त. ८ जीबीचा मजकूर दोन साध्या डिस्कवर विभागता येत असेल तर तसंच करा.

शेकडो जीबींचा बॅकअप घ्यायचा विचार असेल तर डीव्हीडी हे साधनच चुकीचं. ५०० जीबींना साध्या डीव्हीडी शंभराहून जास्त लागतील. तिथे बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. ब्लू-रे रायटर २५ आणि ५० जीबीच्या डिस्क लिहितो, सीडी-डीव्हीडीही हाताळतो, पण किंमत कितीतरी पट, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. आधीपासून ब्लू-रे वापरत नसाल तर आज नव्याने त्यात पडण्यात मतलब नाही.

डीव्हीडीची खरी जागा आहे ती अशी: निवडक फोटो, लग्नाचा व्हिडिओ, महत्त्वाचे कागद यांची एक जास्तीची प्रत, जी चुकून पुसली जात नाही आणि व्हायरसने बिघडत नाही. यासाठी एम-डिस्क नावाचा प्रकारही आहे. साध्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो काळाने फिका पडतो; एम-डिस्कमध्ये त्याजागी अजैविक पदार्थाचा थर असतो. लिहायला ताकदवान लेसर लागतो, म्हणून रायटरवर एम-डिस्कचं चिन्ह हवं. लिहून झाल्यावर ती साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्येही वाचता येते. एलजीच्या बऱ्याच रायटरमध्ये ही सोय आहे.

आत बसवायचा की बाहेरून जोडायचा?

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून ५.२५ इंची खण असेल तर आत बसणारा रायटर घ्या. तो स्वस्त पडतो, थेट एसएमपीएसवरून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वीज घेतो, वजनदार असल्याने वेगात कमी थरथरतो. एलजी जीएच२४एनएसडी१ किंवा आसुस डीआरडब्ल्यू-२४डी५एमटी ही या जातीतली ओळखीची नावं. घेण्याआधी कॅबिनेट खरंच उघडून बघा. गेल्या काही वर्षांतल्या, पुढे काच किंवा जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये हा खणच नसतो.

मग मदरबोर्ड बघा. साटाची, म्हणजे हार्ड डिस्क-रायटर जोडायची, एक जागा मोकळी हवी: डेटाची केबल ७ पिनांची, विजेची १५ पिनांची. इथे एक गोम आहे. अनेक मदरबोर्डवर एम.२ या छोट्या खाचेत एसएसडी (चकतीविना चालणारी वेगवान डिस्क) बसवली की साटाच्या एक-दोन जागा आपोआप बंद होतात. रायटर लावला, ट्रे बाहेर येतो, दिवा लागतो, पण विंडोजला दिसत नाही, अशी तक्रार असेल तर बिचाऱ्या रायटरला दोष देण्याआधी केबल दुसऱ्या साटा जागेत लावून बघा. कोणती जागा बंद पडते ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

फार जुन्या मशीनवर साटा नसून आयडीई असतं: ४० पिनांची पट्टीसारखी रुंद केबल आणि विजेचा चार पिनांचा जाड प्लग. आयडीईचा नवा रायटर आता मिळत नाही. तशा मशीनला यूएसबीवाला ड्राइव्ह लावणं सोपं. जुनाच आयडीई रायटर मिळाला तर मागचा जंपर, म्हणजे पिनांवरची क्रम ठरवणारी छोटी टोपी, तपासा. एकाच केबलवर दोन उपकरणं असतील तर एक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह हवं, नाहीतर दोन्ही गायब होतात.

लॅपटॉप असेल किंवा कॅबिनेटला खण नसेल तर बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर. एलजी जीपी६५एनबी६० आणि आसुस एसडीआरडब्ल्यू-०८डी२एस-यू लाइट ही यातली नेहमी दिसणारी मॉडेल्स. हे ड्राइव्ह लॅपटॉपच्या मापाचे पातळ असतात आणि डीव्हीडी ८ एक्सने लिहितात.

'यूएसबी ३.०' किंवा 'टाइप-सी' लिहिलेल्या ड्राइव्हसाठी जास्त पैसे मोजू नका. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, ८ एक्स म्हणजे जेमतेम ११ एमबी. यूएसबी २.० प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज वाहून नेतं. वेगवान यूएसबीने डिस्क वेगात लिहिली जात नाही. तुमच्या लॅपटॉपला फक्त टाइप-सीची खाच असेल तर तशी केबल हवी, एवढाच त्याचा उपयोग.

वीज: सगळ्यात जास्त घोळ इथे

यूएसबी २.० च्या खाचेतून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या खाचेतून ९००. पातळ रायटरची मोटर फिरायला लागते आणि लेसर लिहायला लागतो तेव्हा त्याला क्षणभर एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागू शकतं. त्यामुळे चित्र असं दिसतं: डिस्क वाचली जाते, फोटो कॉपी होतात, पण लिहायला घेतलं की सुरुवातीलाच किंवा मध्येच त्रुटी येते, कधी यूएसबी काढल्याचा 'टंग' आवाज येतो आणि ड्राइव्ह नाहीसा होऊन परत येतो. दुकानदार 'डिस्क खराब' म्हणतो, डिस्कवाला 'ड्राइव्ह खराब' म्हणतो. बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात.

म्हणून रायटर थेट कॉम्प्युटरच्या खाचेत लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच्या खाचेत; पुढच्या खाचा लांब बारीक वायरीने जोडलेल्या असतात आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या यूएसबी हबवर लावू नका. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची वाय केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं शोभेसाठी नसतं. सोबतची आखूड केबल बदलून दीड-दोन मीटरची स्वस्त केबल लावली तरी हाच त्रास सुरू होतो.

आणखी एक चूक सर्रास होते. जुना डेस्कटॉपचा रायटर घरात पडलेला असतो आणि हार्ड डिस्क जोडायची साटा-यूएसबी केबलही असते. दोन्ही जोडून बघितलं जातं. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठीची ती केबल फक्त ५ व्होल्ट देते. डेस्कटॉपच्या रायटरला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर सोबत असलेलीच केबल घ्या.

उलट, लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह मात्र फुकट कामाला येतो. अनेकांनी जुन्या लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत, एसएसडी बसवलेली असते. तो काढलेला ड्राइव्ह यूएसबी केसिंगमध्ये घातला की बाहेरचा रायटर तयार. केसिंग घेताना जाडी मोजा: हे ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचे असतात, एकाचं केसिंग दुसऱ्याला बसत नाही.

टीव्हीच्या यूएसबी खाचेत रायटर लावून डीव्हीडी बघता येईल या आशेवर असाल तर खरेदी थांबवा. टीव्ही तिथे पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कची अपेक्षा करतो. डिस्क ड्राइव्ह ओळखत नाही. मोजक्या मॉडेल्समध्ये टीव्ही किंवा अँड्रॉइडसाठी वेगळी सोय असते, पण खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती नाही असंच धरा. तसाच अॅपलचा यूएसबी सुपरड्राइव्ह: दिसायला देखणा, सेकंडहँडही मिळतो, पण तो मॅकसाठीच बनवलेला आहे, विंडोजच्या मशीनला नुसता जोडून चालत नाही.

ट्रे की फट?

डिस्क फटीतून आत ओढून घेणारे ड्राइव्ह घरच्या कामाला टाळा. कारण मिनी डीव्हीडी. २००५ च्या आसपासच्या काही हँडीकॅममध्ये ८ सेंटिमीटरची, १.४ जीबीची छोटी डिस्क असायची. ती फटीच्या ड्राइव्हमध्ये घातली की अडकते, आणि काढायला ड्राइव्ह उघडावा लागतो. ट्रेवर मात्र मधोमध छोट्या डिस्कसाठी वेगळा खळगा असतो. ट्रे आडवा ठेवा, म्हणजे ती नीट बसते. अशी डिस्क वाचताना रिकामी दिसली तर ती बहुधा कॅमेऱ्यात 'फायनलाइज', म्हणजे लिहिणं संपवून बंद, केलेली नसते. कॅमेरा चालू असेल तर त्यातच फायनलाइज करा. नसेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशा डिस्कवरचा व्हिडिओ शोधून काढू शकतं.

एक्सचा आकडा

आता तो आकडा. १६ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे २२ एमबी, पण हा वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला गाठला जातो. लिहिणं आतून सुरू होतं, तिथे वेग ६-७ एक्सच असतो. म्हणून भरलेली डिस्क १६ एक्सने साधारण सहा मिनिटांत आणि ८ एक्सने आठ-नऊ मिनिटांत होते. ४ एक्सने पंधरा मिनिटं. '२४ एक्स' रायटरने यातलं फार तर एखादं मिनिट वाचतं. शिवाय बाजारातल्या कोऱ्या डिस्क १६ एक्सपर्यंतच्याच असतात. २४ एक्स म्हणजे रायटरने काही ठरावीक डिस्कवर मर्यादेपेक्षा जोरात लिहिणं. घरच्या कामात हे कोणी करू नये.

खोक्यावरचं खरं वाचण्यासारखं म्हणजे कोणते प्रकार लिहिता येतात ते. डीव्हीडी-आर, डीव्हीडी+आर, दोन्हींचे आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारे) आणि डीएल, एवढं असलं की पुरे. उणे आणि अधिक हे दोन वेगळ्या उद्योगगटांनी बनवलेले प्रकार. पायोनिअरने १९९७ मध्ये पहिलं डीव्हीडी-आर बाजारात आणलं, +आर नंतर २००२ मध्ये आलं. आजच्या रायटरला दोन्ही सारखे. टीव्हीजवळच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरमध्ये लावायची डिस्क असेल तर -आर जास्त ठिकाणी चालते. डीएल घ्यायचीच असेल तर +आर डीएल घ्या. आरडब्ल्यू साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते असं म्हणतात, पण ती कमी परावर्तन करते आणि जुन्या प्लेयरना वाचायला जड जाते. कायम जपायच्या गोष्टी तिच्यावर नकोत.

सेकंडहँड घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुने ड्राइव्ह सापडतात. पहिला सापळा कॉम्बो ड्राइव्हचा. हा डीव्हीडी वाचतो पण लिहितो फक्त सीडी. ट्रेच्या पट्टीवरची चिन्हं वाचा: 'डीव्हीडी-रॉम' आणि 'कॉम्पॅक्ट डिस्क रिरायटेबल' एवढंच असेल तर तो कॉम्बो. 'डीव्हीडी मल्टी रेकॉर्डर' किंवा 'आरडब्ल्यू डीव्हीडी+आर डीएल' असेल तर रायटर.

दुसरं, आत नेमका कोणता ड्राइव्ह आहे ते. स्वस्त, नाव नसलेल्या यूएसबी रायटरच्या चकचकीत खोळीत बऱ्याचदा लॅपटॉपमधून काढलेला वापरलेला ड्राइव्ह असतो. जोडून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज' उघडा, नाव दिसेल. 'एचएल-डीटी-एसटी' म्हणजे हिताची-एलजी, 'टीएसएसटीकॉर्प' म्हणजे तोशिबा-सॅमसंग, 'माटशिटा' म्हणजे पॅनासॉनिक, 'पीएलडीएस' म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. चारही ठीक. नाव ओळखीचं नसेल, किंवा नुसतं 'यूएसबी सीडी-रॉम' असं काही येत असेल, तर पैसे देऊ नका.

तिसरं, तपासणी पूर्ण डिस्क लिहूनच करा. दुकानात २०० एमबी लिहून 'बघा, चालतो' असं दाखवतात. लेसर म्हातारा झाला असेल किंवा मोटर हलत असेल तर ते बाहेरच्या कडेला कळतं, आणि २०० एमबी आतल्या बोटभर जागेतच संपतात. कोरी डिस्क सोबत न्या, ४.३ जीबीपर्यंत भरा आणि वाचून पडताळा. लिहून झाल्यावर डिस्क उजेडात तिरपी धरली की लिहिलेला भाग किंचित गडद दिसतो. त्या गडद भागाची छटा आतपासून कडेपर्यंत एकसारखी हवी. मध्ये एखादा फिका पट्टा किंवा लाटा दिसल्या तर तो ड्राइव्ह नको.

बसवण्याची पद्धत

१. कॉम्प्युटर बंद करून वीज काढा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

२. कॅबिनेटची पुढची पट्टी काढा. तिच्यामागे बऱ्याचदा पातळ पत्रा असतो. तो पुढे-मागे वाकवून तोडावा लागतो. कडा धारदार असते, पक्कड वापरा.

३. रायटर पुढून आत सरकवा. आतून घालायचा प्रयत्न केला तर एसएमपीएसच्या वायरींत अडकतो.

४. दोन्ही बाजूंना दोन-दोन एम३ स्क्रू लावा. हार्ड डिस्कचे स्क्रू वेगळ्या आट्याचे असतात. ते जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात. ५-६ मिलिमीटरपेक्षा लांब स्क्रू आतल्या भागाला लागू शकतो. ट्रे न घासता उघडतोय ना, हे स्क्रू पूर्ण आवळण्याआधी बघा.

५. साटाची डेटा आणि वीज केबल लावा. दोन्हींना एल आकाराची खाच असते, उलट बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवा.

६. सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) नाव येतं का ते बघा. विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सोबतची 'ड्रायव्हर सीडी' बाजूला ठेवा, तीत बहुधा बर्निंग सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती असते.

७. आधी छापील कंपनीची डिस्क वाचून बघा, मग स्वतः लिहिलेली जुनी, मग पूर्ण डिस्क लिहा. बिल जपून ठेवा. बदलून घ्यायची मुदत असेल तोवर हे सगळं उरका.

कोऱ्या डिस्क आणि लिहिण्याची रीत

एकेकाळी ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क प्रत्येक दुकानात असायच्या. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, पण तिचा जुना माल अजून कुठेकुठे मिळतो. तो घेऊ नका; कोऱ्या डिस्कचा रंगाचा थरही पडून पडून म्हातारा होतो, मग कंपनी कोणतीही असो. व्हर्बेटिमसारखी नाव असलेली, ताज्या मालातली १० डिस्कची पुडकी आणा, चालली तरच ५० ची.

इमजीबर्न या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्क घातली की तिचा खरा निर्माता दिसतो. वर छापलेलं नाव आणि आतला निर्माता वेगळा असणं नेहमीचं आहे. व्हर्बेटिमच्या एझो (रंगाच्या थराचा एक प्रकार) १६ एक्स +आर डिस्कवर 'एमसीसी ००४' असा संकेत येतो, तर 'सीएमसी मॅग' असलेल्या डिस्क साध्या दर्जाच्या. इमजीबर्न बसवताना 'कस्टम' निवडा आणि सोबत चिकटून येणारी नको ती सॉफ्टवेअर नाकारा.

विंडोजमध्ये डिस्क घातली की ते दोन पर्याय विचारतं. 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' हा पर्याय जपायच्या डिस्कसाठी कधीच निवडू नका. त्याने लिहिलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा प्लेयरमध्ये उघडत नाही अशा तक्रारी सतत येतात. 'सीडी/डीव्हीडी प्लेयरसह' हाच पर्याय घ्या. यात सगळं एकदम लिहिलं जातं.

वेग ८ एक्स ठेवा. 'जितका हळू तितकं चांगलं' हा समज जुना आहे. १६ एक्सची डिस्क १ किंवा २ एक्सने लिहिण्यासाठी बनवलेलीच नसते आणि रायटरमध्येही त्यासाठीचं नीट गणित नसतं. डिस्कची काठोकाठ भरणी करू नका. कडेचा भाग सगळ्यात आधी खराब होतो, त्यावरच बोटं लागतात. ४ जीबीवर थांबा. 'व्हेरिफाय' नेहमी चालू ठेवा, त्यात पाच-सात मिनिटं जास्त जातील. एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फाइल सिस्टिम यूडीएफ निवडा, कारण जुन्या आयएसओ पद्धतीत तेवढी फाइल मावत नाही.

टीव्हीच्या प्लेयरवर चालणारी डीव्हीडी हवी असेल तर मोबाइलमधली एमपी४ फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. ती एमपीईजी-२ मध्ये बदलून 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरची रचना करावी लागते. मोफत डीव्हीडीस्टायलर हे काम करतं. भारतासाठी पाल ही टीव्हीची पद्धत निवडा, म्हणजे ७२० बाय ५७६. अमेरिकेत पाठवायची असेल तर एनटीएससी, ७२० बाय ४८०. एका थराच्या डिस्कवर उत्तम दर्जाचा तासभर आणि बऱ्या दर्जाचा दोन तासांचा व्हिडिओ बसतो. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबलं की चेहऱ्यांवर चौकोन दिसायला लागतात.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. १६ एक्सला डिस्क मिनिटाला नऊ-दहा हजार वेळा फिरते. स्टिकर जरा तिरका असला तरी ती थडथडते, आणि दमट हवेत तो सुटून ड्राइव्हमध्ये अडकतो. सीडी मार्करने लिहा, बॉलपेनने नाही. सीडीचा चकाकणारा थर वरच्या छापील बाजूला, अगदी पातळ लेपाखाली असतो. तिथे पडलेला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. डीव्हीडीत तो दोन ०.६ मिलिमीटर चकत्यांच्या मध्ये असल्याने वाचतो.

जुन्या डिस्क उतरवताना

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर ओरखडे डेटाच्या दिशेने पडतात. मधल्या भोकाजवळ तडा असलेली सीडी कधीही घालू नका. ४८ एक्सला ती आतच फुटते आणि ड्राइव्ह घेऊन जाते.

व्हीसीडीमध्ये 'एमपीईजीएव्ही' फोल्डर उघडा, त्यातली .डॅट फाइल कॉपी करा. ती व्हीएलसीमध्ये चालते. डीव्हीडीचा 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, त्यातल्या एकेक जीबीच्या तुकड्यांना हात लावू नका. स्कॅनच्या सीडीतलं सगळं कॉपी करा, फक्त चित्र दिसतात तेवढी नाही. डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरला 'डायकॉमडीआयआर' नावाची फाइलही लागते.

एखादी डिस्क तुमच्या नव्या रायटरमध्ये वाचली जात नसेल तर ती मेली असं समजू नका. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. ओरखडे सोसण्याची क्षमता प्रत्येक ड्राइव्हची वेगळी, आणि एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्यात निवांत वाचली जाते. शेजाऱ्याचा जुना लॅपटॉप इथे कामी येतो.

रायटर बिघडला असं वाटतं तेव्हा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ असेल तर दोष ड्राइव्हचा नाही, बहुधा जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या नोंदींचा आहे. रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) प्रत काढून ठेवा, मग कंट्रोल-क्लास विभागातल्या ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या नोंदीतून 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' (लेसरची ताकद जुळवता आली नाही) आली तर आधी यूएसबी खाच बदला, मग डिस्कची कंपनी. दोन्हींनी फरक पडला नाही तर लेसर संपत आलाय. लेन्स साफ करून उपयोग होत नाही. सीडी वाचली जाते पण डीव्हीडी नाही, किंवा उलट, असं झालं तरी अर्थ तोच. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा, असे दोन वेगळे लेसर आत असतात आणि त्यातला एक आधी जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या ड्राइव्हइतका येतो, तेव्हा नवाच घ्या.

विकतची सिनेमाची डीव्हीडी 'रिजन' (डिस्क कोणत्या देशांत चालावी त्याचा क्रमांक) विचारत असेल तर सांभाळून. भारताचा रिजन ५, अमेरिकेचा १, ब्रिटन आणि आखाताचा २. ड्राइव्हचा रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर तो कायमचा कुलूपबंद होतो, आणि विंडोज पुन्हा बसवूनही तो आकडा परत मिळत नाही. अमेरिकेतल्या नातेवाईकांनी पाठवलेली घरगुती डिस्क मात्र रिजनशिवायच असते, तिच्यासाठी काहीही बदलू नका.

ट्रे अडकला तर पुढच्या पट्टीवर टाचणीएवढं भोक असतं. ड्राइव्हची वीज पूर्ण काढा, डिस्क थांबायला अर्धा मिनिट द्या, पेपर क्लिप सरळ करून सरळ रेषेत दाबा. ट्रे दोन सेंटिमीटर बाहेर येतो, पुढे हाताने ओढा. दर वेळी हेच करावं लागत असेल तर डेस्कटॉपच्या रायटरमधला ट्रेचा रबरी पट्टा सैल झालाय. तो बदलता येतो.